पाच थरांची भिंत

३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ओरडतेस आणि मी नुसती हं हं करते, म्हणून हे कागदावर. मी खोली सोडली. म्हणजे सोडायला लावली. कपाटामागची भिंत काळी पडली होती. घरमालक येऊन बघून गेला, गोड हसला आणि म्हणाला की बुरशीवर संशोधन करणाऱ्या मुलीने बुरशी घरी आणली तर त्यात नवल काय. मी जुन्या पुस्तकांच्या कागदावरची बुरशी तपासते, कामाचा डगला प्रयोगशाळेतच काढून ठेवते, हे सांगून पाहिलं. त्यावर त्याने माझ्या कुकरच्या वाफेचा विषय काढला.

अनामत त्याने पूर्ण परत दिली. वर माझी बॅग स्वतः जिन्याखाली आणून दिली. मला वाटलं, सुटले. पण इथे नवी खोली घ्यायची तर आधीच्या मालकाचं पत्र दाखवावं लागतं. त्याने ते दिलं, बंद पाकिटात. नव्या घरमालकिणीने ते माझ्यासमोर फोडलं, वाचलं, चष्मा काढला आणि कागद परत माझ्या हातात ठेवला. त्यात लिहिलंय की मुलगी सभ्य आहे, परंतु तिच्याकडच्या लोकांच्या राहण्याच्या सवयींमुळे खोली खराब होते. पुढच्याने विचार करून द्यावी. आणखी दोन ठिकाणी हेच झालं.

तीस नोव्हेंबरपर्यंत पक्का पत्ता नोंदवला नाही तर माझा इथे राहण्याचा परवाना संपेल. तीन वर्षं वाढवलेल्या बुरश्या कचऱ्यात आणि मी घरी. सध्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपते. बाबांना सांगू नकोस.

माया आहे ती तशीच राहू दे.
तुझी,
मुंगी


१६ ऑक्टोबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभी राहून, कारण बसून वाचण्यासारखं ते नाहीच. तिच्याकडच्या लोकांच्या सवयी! टेलिफोन खात्यात संघटनेची भाषणं करण्यात माझी तीस वर्षं गेली; असली माणसं मी वासावरून ओळखते. शिवी देणारा परवडला, तो निदान तोंडावर देतो. हा तुझी बॅग उचलतो आणि पाकिटात विष घालतो. आणि विष कोणाला? जिला त्या देशात मामा नाही, मावशी नाही, शेजारीण नाही, तिला. निवड पाहा त्याची!

तू त्याला माफ करशील ही मला धास्ती आहे. बापाचा स्वभाव उचलला आहेस. सायकल चोरणाऱ्याच्या मागे हवेचा पंप घेऊन धावेल असा माझा भाऊ. या वेळी ते चालणार नाही. मला त्याची दिलगिरी नको. मला तो माणूस चारचौघांत, त्याच्याच भाषेत, मान खाली घालून उभा राहिलेला हवा.

तक्रार लिही. लहानपणापासून माझे अर्ज, नोटिसा, निवेदनं तूच लिहिलीस. मी येरझाऱ्या घालत सांगायचे आणि तू मोत्यासारख्या अक्षरात उतरवायचीस, एक कानामात्रा सोडायची नाहीस. तो हात आता स्वतःसाठी चालव.

इकडे सगळं ठीक. वरची खोली रिकामीच आहे. भिंतीला ओल येते म्हणून यंदाही रंग काढून घेतला. रंगारी कुरकुरत होता की हाही टिकायचा नाही. त्याला म्हटलं, तू रंग दे, भाषण माझ्याकडे राहू दे.

बापाला सांगितलेलं नाही. पोटभर जेव आणि हात शिवशिवत ठेव.
तुझी,
आत्या


२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

धास्ती सोड. माफ करणार नाही.

खोली सोडताना कपाटामागे वॉलपेपरचा कोपरा सुटून लोंबत होता. सवयीने त्याचा तळहाताएवढा तुकडा मी पाकिटात घातला आणि वर तारीख टाकली. नमुना दिसला की उचलायचा, हा आमच्या धंद्यातला आजारच आहे. गेल्या आठवड्यात तो पाण्यात भिजवून थर सोडवले. पाच निघाले. पाचही थरांवर डाग, एकाखाली एक, एकाच जागी. सगळ्यात खालच्या थरावरची बुरशी तर केव्हाच मेलेली. भिंतीतूनच पाणी पाझरतं, आत्या. भाडेकरू बदलला की तो वर नवा कागद चिकटवतो.

मग बुटांचं खोकं उघडलं. आधीच्या भाडेकरूंची टपालं त्या पत्त्यावर अजून येतात आणि मी ती टाकून न देता जपत होते. चौघांची नावं मिळाली, चौघेही बाहेरून शिकायला आलेले. तिघांची उत्तरं आली: संगीत शिकणारा एक, पुलांचा इंजिनिअर एक आणि एक दातांची डॉक्टर. तिघांनीही ते पत्र ठेवून दिलं होतं. शब्दन्‌शब्द माझंच पत्र, फक्त वरचं नाव निराळं. दातांच्या डॉक्टरला दुसरी खोली मिळालीच नाही. शिक्षण अर्धं टाकून ती परत गेली.

हे वाचल्यापासून मी अगदी थंड झाले आहे. तुझ्यासारखी आग माझ्यात नाही. आमच्याकडे नमुने गारठ्यात टिकतात. भाडे-तंट्याच्या कार्यालयात तक्रार दिली, पण त्यात ना थरांचा उल्लेख ना तीन पत्रांचा. आधी त्याने येऊन सांगावं की भिंत ठणठणीत कोरडी होती आणि बिघडवणारी मीच पहिली. ते त्याच्या सहीने कागदावर आलं की मग मी पाकीट उघडेन.

अजून सोफ्यावरच आहे. पाठ धरली आहे. आठवण काढत जा.
तुझी,
मुंगी


१३ नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

शाबास! माझी भाची! पत्र वाचून मी एकटीच घरात टाळी वाजवली, दूधवाला दचकला.

आता ऐक. पाकीट हळू उघड. एकेक थर टेबलावर मांड. तो पाणी मागेपर्यंत घाई करू नकोस. आणि दंड मागू नकोस. दंड भरून माणूस विसरून जातो. शिक्षा त्याच्या हाताला होऊ दे. ज्या हाताने ती पत्रं लिहिली, त्याच हाताने ती सगळी पुन्हा लिहायला लाव. तू सांगायचं, त्याने लिहायचं. माणसाला आपलं पाप स्वतःच्या अक्षरात लिहावं लागलं म्हणजे ते त्याला आयुष्यभर वाचता येतं.

त्या दातांच्या डॉक्टरसाठी एक वाक्य जास्त घाल. माझ्याकडून.

विजयी हो, नाहीतर तोंड दाखवू नकोस. (दाखव. पण विजयी हो.)
तुझी,
आत्या


२६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं.

तो टाय लावून आला होता. अधिकारी बाईंना त्याने सांगितलं की इतक्या वर्षांत त्या भिंतीला डाग म्हणून पडला नाही, मीच पहिली. ते लिहून घेतलं, त्याने सही केली. मग मी थर मांडायला घेतले. दुसऱ्या थराला तो हसला. चौथ्याला त्याने पाणी मागितलं. बाईंनी चारही पत्रं ओळीने ठेवली आणि त्यालाच मोठ्याने वाचायला लावली. तिसऱ्या पत्राच्या मध्यावर त्याने कागद खाली ठेवला. बाईंनी वाचन पूर्ण करायला सांगितलं.

भिंत उघडून दुरुस्त होईपर्यंत खोलीला कुलूप. आणि चार नवी पत्रं, तिथेच, त्याच्या हाताने. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. भिंत माझी, पाणी माझं, दोष माझा, हे मी चारदा सांगितलं आणि चारही वेळा सावकाश सांगितलं. मला मजा आली, खोटं कशाला बोलू. त्यातलं माझं पत्र वाचून चष्मेवाल्या घरमालकिणीने किल्ली दिली. पत्ता परवा नोंदवला. परवाना वाचला.

पण तिसरं पत्र सांगताना माझ्या लक्षात आलं की मी येरझाऱ्या घालते आहे. तुझ्यासारख्या. आणि मग आठवलं की त्याच्यासारखं पत्र मी आधी लिहिलं आहे.

मी अकरा वर्षांची होते. वरच्या खोलीत नर्सिंग शिकणारी ताई राहायची, लांबच्या मुलखातली. माझ्या वेण्या घालून द्यायची. भिंतीला ओल आली. तू येरझाऱ्या घालत सांगितलंस आणि मी तिच्या नर्सिंग शाळेच्या मेट्रनबाईंना लिहिलं: मुलगी सभ्य आहे, परंतु तिच्याकडच्या लोकांच्या राहण्याच्या सवयी. पुढचं तुला पाठ असेल. एक कानामात्रा सोडली नाही मी. ती निघाली तेव्हा तिची बॅग मीच जिन्याखाली नेऊन दिली होती.

ती गेली, तरी भिंत ओलीच राहिली. तूच लिहिलंस. रंगाचे किती थर झाले, आत्या?

घरमालकाला मी सोडलं नाही. मग तुला आणि मला का सोडू? ती तुमच्याच गावच्या इस्पितळात हेड नर्स आहे. पत्ता शोधून काढला, सोबत पाठवते. माझं पत्र तिला गेलं. तुझं तू बघ.

मुंगी


२० डिसेंबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. पहिले आठ दिवस मी तुला द्यायची उत्तरं जुळवत होते. चांगली होती. एकाला तर सभेत टाळ्या पडल्या असत्या. नवव्या दिवशी गवंड्याला बोलावून भिंत फोडली. आत माझ्याच न्हाणीघराचा पाइप चिरलेला निघाला. रंगाचे सोळा थर गवंड्याने मोजले. मी विचारलं नव्हतं.

मग इस्पितळात गेले. तिने मला बसायला सांगितलं नाही, बरं केलं. मी प्रस्तावना सुरू केली तर तिने हात वर करून थांबवलं, कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, मी सांगते, तुम्ही लिहा. ही शिक्षा मीच सुचवलेली. तिच्यापर्यंत कोणी पोचवली ते विचारत नाही. तीस वर्षं मी बोलले, मुंगे, लिहिलं नेहमी दुसऱ्यांनी. माझं अक्षर कसं आहे ते तुला ठाऊक आहे. तिने तीन कागद फाडायला लावले. तिच्या हाताखालच्या दोघी तिथेच पट्ट्या गुंडाळत उभ्या होत्या, तिने त्यांना जायला सांगितलं नाही.

चौथा कागद तिने वाचला आणि माझ्याच हातात परत दिला. म्हणाली की त्या जुन्या पत्रापायी चुकलेल्या तिच्या परीक्षेला आता याचा उपयोग नाही. खोलीच्या दाराला लावा, पुढची वाचेल.

लावला आहे. काल एक मुलगी खोली बघायला आली. दारात उभी राहून तिने तो अथपासून इतिपर्यंत वाचला, मग माझ्याकडे पाहिलं आणि जिना उतरून गेली. कागद काढावासा वाटला. काढला नाही.

शेवटी लोभ असावा असं लिहायला हात गेला होता. आवरला. तुझ्या मनात असेल तर तू लिही.
आत्या