डब्याला बांधलेला बेल्ट

प्रिय आत्या,

काल तुझा कॅसेट डेक चालला! अमरावतीच्या एका मेकॅनिकने आत नवा रबरी बेल्ट बसवला आणि आवाजाचे काटे पुन्हा नाचायला लागले. हे तुला नाही सांगायचं तर कुणाला? म्हणून कागद घेतला. निबंधाच्या तासाला शाळेतून पळणारा मी पत्र लिहून राहिलो, हसशील तू.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या तुझ्या खोलीत टीव्ही नव्हता, पण डेक असा की लोक बघायला यायचे. नर्सच्या पगाराचा फरक मिळाला, तेव्हा सोनं सोडून तू तो घेतलास. बाबा काय चिडले होते! "बाईमाणसाले कायले पाह्यजे येवढा भारी टेप?" तू शांतपणे म्हणालीस, "दादा, टेप नाही. डेक म्हण."

स्पिरिट आणि कापसाने तू त्याचं हेड पुसायचीस, ड्रेसिंग केल्यासारखं. मी जवळ आलो की ओरडायचीस, "हात धुऊन ये रे! भज्याचे हात कॅसेटले लावतं का?"

त्या वर्षांत तुझ्या वॉर्डात फवारणीचं औषध प्यायलेली माणसं यायची. एक सुटलं की दुसरं. ड्युटीवरून आलीस की तू कुणाशी बोलायची नाहीस. हेडफोन लावून कॅसेटची एक बाजू ऐकायचीस, मग चहा, मग आम्ही. सुट्टीच्या दिवशी मलाही बसवायचीस. "एक बाजू होईपर्यंत तरी बस न बावा." मी दुसऱ्याच गाण्याला उठायचो. एकदा पान खायला म्हणून उतरलो तो मित्राच्या ट्रकमधून चांदूर बाजारला पोचलो, आठवतं?

मग बेल्ट सैल झाला. गाणी रडल्यासारखी ओढायला लागली. अकोल्यात त्या मापाचा मिळेना. मी दिल्लीला निघालो तेव्हा तू जुना काढून माझ्या हातात दिलास. "याच मापाचा आणजो. भुलू नको."

भुललो नाही गं! घेतला होता. पण परतीच्या गाडीत जेवणाच्या डब्याची कडी तुटली, आणि मी तोच बेल्ट डब्याला गुंडाळला. घरी येऊन म्हणालो, "दुकान बंद होतं."

तू डबा घासायला घेतलास. बेल्ट सोडवलास, बोटांवर ताणून पाहिलास. नवाकोरा, पण ताणून लोंबत होता. "डबा मस्त बांधला रे," म्हणालीस. बस, एवढंच!

काऊन शिव्या नाही दिल्यास? एक थापड तरी मारायची! मी दुसऱ्याच दिवशी निघालो आणि शरमेपायी परत तोंड दाखवलं नाही. तू गेल्याचं कळलं, तेव्हाच आलो.

तुझ्या मातीला शेजारच्या चाची म्हणाल्या, "डेक तर बंदच होता रे बेटा. तरी ड्युटीवरून आली की हेडफोन लावून बसे."

काय ऐकत होतीस, आत्या?

काल डेक तुझ्या खोलीत आणून लावला. आत तुझीच कॅसेट होती. पहिलं गाणं संपायच्या आत मी दारात उभा, चप्पल पायात! सवय.

आज हात धुतले आहेत. चपला चाचींकडे ठेवून आलो. कॅसेट सुरुवातीला आणली आहे. वचन देतो, बाजू संपेपर्यंत उठणार नाही. चहासुद्धा नंतर.

बसलेला,
तुझा पिंट्या