पान सत्तेचाळीसचं शुद्धिपत्र

नागपूर,
२ नोव्हेंबर १९८८

प्रिय प्रेमिला,
सप्रेम जयभीम.

तुझी माय बरी आहे ना? धान कापणीला आलं असेल. इकडे सगळे ठीक. गिरणी बंद पडल्यापासून बाबा घरीच असतात आणि दिवसभर रेडिओची बटणं पिळत बसतात. आई परवा विचारत होती, "प्रेमिला काहून येत नाही वं आता? भांडण झालं का तुमचं?" मी म्हटलं, ती रामटेकला शाळेत शिकवते, तिला वेळ कुठे आहे. तासिकेवर का होईना, शिकवायला मिळतं हे बरंच झालं. हे वाक्य खोडणार होते, पण पत्रात खाडाखोड नको.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर तू दिसलीस. पुस्तकांच्या स्टॉलपाशी उभी होतीस, हिरव्या काठाच्या पांढऱ्या साडीत. गर्दी फार होती.

आठ महिन्यांनी लिहिते आहे, तेव्हा काहीतरी कारण असणार हे तू ओळखलंच असशील. कारण ऑफिसचं आहे. उपग्रहाच्या चित्रांसाठी आपल्या गटाने तयार प्रोग्रामांची जी लायब्ररी केली, तिच्या मॅन्युअलमधली उदाहरणं तपासायचं काम माझ्याकडे आलं आहे. साठ प्रती वेगवेगळ्या ऑफिसांना जायच्या आहेत. चूक सापडली की शुद्धिपत्राची चिठ्ठी टाइप करायची, सायक्लोस्टाइल करायची आणि साठही प्रतींत त्या त्या पानावर डिंकाने चिकटवायची. आमचे शिपाई गणपतराव म्हणतात, "मॅडम, पुस्तकापेक्षा चिठ्ठ्याच जास्त होऊन राहिल्या."

त्यात पान सत्तेचाळीस आहे. कॉलबॅकचं उदाहरण. आपण एक छोटं फंक्शन लिहून त्याचं नाव लायब्ररीला द्यायचं. मग लायब्ररी चित्राची एकेक ओळ वाचते आणि दर ओळीला आपल्या फंक्शनला बोलावते. फंक्शनने आपलं काम करून शून्य परत द्यायचं, म्हणजे लायब्ररी पुढच्या ओळीकडे जाते. दुसरा कुठलाही आकडा दिला तर ती तिथेच थांबते, तक्रार न करता. उदाहरणात ते शून्य परत देणारी ओळच लिहायची राहिली आहे. जुन्या मशीनवर योगायोगाने शून्यच जायचं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. नव्या मशीनवर काय जाईल याचा नेम नाही.

म्हणजे मार्चमध्ये तू केलेल्या तलावांच्या यादीत जे झालं ते यामुळे झालं. तुझा प्रोग्राम अर्ध्या चित्रावरच थांबला आणि खालच्या भागातले एकतीस तलाव यादीत आलेच नाहीत. तुमच्या गावची बोडीसुद्धा, जिच्या पाण्यावर तुमचं धान पिकतं. तुझा हलगर्जीपणा नव्हता. मॅन्युअलमध्ये चूक होती. तुला हे कळावं असं वाटलं, म्हणून लिहिलं.

चिठ्ठीची एक प्रत सोबत ठेवली आहे. मायला नमस्कार सांग.

तुझी,
चारुशीला


नागपूर,
१६ नोव्हेंबर १९८८

प्रेमिला,
जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर एकच ओळ: "तुला केव्हा कळलं?" आठ दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरते आहे. बसमध्ये काढून वाचते, ऑफिसात वाचते, काही वेगळं निघत नाही. काल चहात साखरेऐवजी मीठ टाकलं आणि बाबा तो मुकाट्याने प्यायले.

सात मार्चला कळलं. सकाळी अकराच्या सुमारास. मीटिंग दुपारी तीनला होती.

तुझी यादी चुकली म्हणून पत्र आलं तेव्हाच मी पान सत्तेचाळीस उघडून पाहिलं. उघडताक्षणी दिसलं, कारण ते पान मी लिहिलं होतं. स्टेन्सिल कापायच्या दिवशी घाई होती, शेवटची ओळ खाली मावत नव्हती, पुढच्या पानावर घेऊ म्हटलं आणि घेतलीच नाही. पुढे मीच ते जुन्या मशीनवर चालवून पाहिलं, चाललं, आणि मी निश्चिंत झाले. झाली चूक. चूक माणसाकडून होते, तिच्यासाठी मी आठ महिने तोंड लपवलं नसतं.

मीटिंगमध्ये तू म्हणालीस, "सर, मी मॅन्युअलमध्ये आहे तसंच लिहिलं." साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय चारुशीला, मॅन्युअल बरोबर आहे ना?" मी टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे पाहत राहिले. त्यांनी ते हो समजून घेतलं आणि पुढच्या विषयाकडे गेले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी वर पाहिलं नाही, पण तू पाहिलंस हे मला कळलं.

त्या आठवड्यात माझ्या कायम होण्याचा कागद सहीला गेला होता. कायमची जागा एक, आणि आपण दोघी हंगामी. मला भीती वाटली. बाबा घरी बसले होते, हेही खरं. पण त्याच्या आड मी लपणार नाही. तुझे बाबा तर नाहीतच, हे मला त्या टेबलाशी बसूनही ठाऊक होतं. दीक्षाभूमीवर गर्दीमुळे हाक मारली नाही, असं मागच्या पत्रात सुचवलं, तेही खोटं. तू दहा हातांवर होतीस. मी तोंड फिरवून दुसऱ्या फाटकाने बाहेर पडले.

मागच्या रविवारी चिठ्ठ्या कापायला घरी आणल्या होत्या. आईने विचारलं, हे काय करून राहिली तू. मी तिला कॉलबॅक समजावून सांगितला. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "म्हणजे ते मशीन दर ओळीले विचारते, पुढं जाऊ का? अन् तुह्या त्या उदाहरणात कोणी काही बोलतच नाही?" मी हो म्हटलं. "मंग ते मनाचं काहीबाही समजून घेते," ती म्हणाली. मग सोलता सोलता थांबली आणि विचारलं, "प्रेमिलाची नोकरी यातच गेली का वं?" त्यानंतर मी तिला सगळं सांगितलं. ती उठून स्वयंपाकाला लागली, आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

सोमवारी साहेबांना लेखी दिलं: पान माझं, चूक माझी, ती सात मार्चला मीटिंगच्या आधी कळली होती, तुझी नेमणूक पुन्हा विचारात घ्यावी. त्यांनी वाचून कागद उलटा ठेवला. म्हणाले, प्रकरण जुनं झालं, उगाच कशाला उकरता, शुद्धिपत्र द्या म्हणजे झालं. शुद्धिपत्रात नावं नसतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ते खरंच आहे. "सुधारणा करण्यात येत आहे" एवढंच असतं, जसं काही चूक कोणी केलीच नव्हती.

मी जुनी स्टेन्सिल फाडली आणि नवी कापली. गणपतरावांनी विचारलं, "साहेबानं पाहिली का?" मी नाही म्हटलं. ते डिंकाची बाटली घेऊन शेजारी बसले. साठच्या साठ प्रती काल रजिस्टरने रवाना झाल्या. आज सकाळी मला मेमो मिळाला. पुढे काय होईल ते माहीत नाही. तुला नोकरी परत मिळेल असं वचन देऊ शकत नाही. हे वाचून तू मला जवळ करावंस असंही मागत नाही. मागच्या वेळची चिठ्ठी फाडून टाक, ती अर्धीच होती. ही ठेव.

"शुद्धिपत्र, पान ४७. उदाहरणातील फंक्शनच्या शेवटी शून्य परत देणारी ओळ नाही, ती घालावी. हे उदाहरण चारुशीला गजभिये यांनी लिहिले. मार्च १९८८ मधील तलावांच्या यादीचे काम प्रेमिला मेश्राम यांनी या पानाप्रमाणेच केले होते. त्यांची चूक नव्हती."

साहेबांनी विचारलं तेव्हा जिने उत्तर दिलं नाही, ती,
चारुशीला