दारातले खडूचे पट्टे

प्रिय मालकीणबाईस,
लेकीच्या घरून तुझ्या शिंप्याचा ठणठणीत नमस्कार.

अगं, काल मी स्वयंपाकघराचं दार एका दमात ओलांडलं! हसू नकोस. या पार्किन्सनने दाराशी आलो की पाय जमिनीला चिकटतात, हे तू पाहिलंच आहेस. इथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, पायांशी भांडू नका. समोर रेघ ठेवा आणि ती ओलांडा."

रेघ म्हटल्यावर शिंपी गप्प बसतो होय? खिशातला खडू काढला. माझी रेघ हल्ली नागमोडी येते, म्हणून जावयाला खाली बसवून दारात आडवे पट्टे मारून घेतले. आणि काय सांगू, पट्टा दिसला की पाऊल आपोआप उचलतंय! उगाचच कितीदा तरी आत-बाहेर केलं.

संध्याकाळी लेक कामावरून आली, तिने डाग समजून सगळं पुसून टाकलं. मी चहाचा कप घेऊन दारातच पुतळा! चहा किती सांडला ते विचारू नकोस. आता तिने रंगीत चिकटपट्टीच लावली आहे.

गोळ्या वेळेवर घेतो. तुझा गुडघा काय म्हणतो? सुईत दोरा तू ओवून देशील ना?

मी येण्याआधी आपल्या दारापासून शिलाई मशीनपर्यंत पट्टे आखून ठेव. माप तुझ्या पावलाचं घे, माझं आता तेवढंच पडतं. जन्मभर मागून ओरडत आलीस ना, "अहो, जरा हळू चाला"? आता बरोबरीने चालूया.

तुझाच,
सावकाश येणारा