बंदूक दुरुस्त करू नये

राजूरनजीक, ता. अकोले
मार्च १९७३

प्रिय गहिनीनाथ,

मी, रंगनाथ सहादेव हासे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, शिक्षण इयत्ता चौथी, गावचा माजी पंच, पूर्ण शुद्धीवर हे लिहीत आहे. पोटच्या मुलास असे लिहिण्याची रीत नाही, परंतु उद्या हे पत्र कोणास दाखवावे लागले तर ते पुरे पडावे.

आपली बंदूक विकावयाचे ठरले आहे. रानडुकरे आता येत नाहीत. शेतात त्यांनी खावे असे काही उरलेलेच नाही. राजूरचे नियाजभाई परवानाधारक आहेत, ते पाहून गेले. नळी गंजली आहे, घोडा जागचा हलत नाही. तरी ते म्हणाले, "आहे तशी द्या आबा, गंजाचं माझं मी बघीन." व्यवहार तेथेच संपावयास हवा होता. पण तुझा धाकटा भाऊ श्रीमंत अडून बसला आहे, "आदी दुरुस्त करू, मंग इकू." तुझ्या आईने त्यास टोमणा मारला, "इकायचीच हाय, तर नवरीवानी नटवतूस कशाला?" सर्व हसले. श्रीमंत हसला नाही.

सामायिक विहिरीचा तळ दिसू लागला आहे. पाण्याच्या पाळीवरून श्रीमंत आणि तुमचा चुलतभाऊ गोरक्षनाथ यांची रोज जुंपत असे. गेल्या आठवड्यात गोरक्षनाथाने चारचौघांत त्याच्या कानशिलात दिली. तेव्हापासून श्रीमंत भांडत नाही. तो भांडत होता तोवर मला भीती वाटत नव्हती.

काल रिकामी कणगी झाडावयास घेतली, तेव्हा तळाशी चिंधीत बांधलेली नवी काडतुसे हाती लागली. विकावयाच्या बंदुकीस काडतुसे कोण आणतो? ती मी धोतराच्या सोग्यात बांधून वागवतो आहे, बसताना टोचतात. गावात मी कोणास भ्यालो नाही. आज घरातल्या पावलांस भितो.

बंदूक दुरुस्त होणार नाही. घोड्यावरचा तो गंजच सध्या दोन्ही घरे राखतो आहे. तू रजा काढून पत्र पावताच नीघ आणि माझ्यासोबत ती नियाजभाईंकडे पोचव. मी एकटा निघालो तर श्रीमंत वाटेत ती हिसकावील, आणि माझ्या हातांत आता तेवढी पकड राहिलेली नाही.

तुझाच,
आबा

समक्ष हजर: तुझी आई बनुबाई. आणि श्रीमंत, जो आत्ताच दारात येऊन उभा राहिला आहे व "कुनाला लिवताय?" असे विचारीत आहे. मी कागद झाकलेला नाही.