तिसरी हाक

८ जानेवारी, मुळगाव
आले बाई गोव्यात! चंदगडहून एसटीत बसल्यापासून गुडघे भांडत होते, इथं उतरल्यावर तेही गप्प झाले. लेकाचं, शिवदासचं, घर छान आहे. मागं काजूची झाडं, पुढं खाणीच्या धुळीनं लाल झालेलं अंगण. सकाळी पाववाला भोंपू वाजवत येतो. त्याचा उंडा, म्हणजे गोल पाव, चहात बुडवला की दात नसल्याचं दुःख राहत नाही. मला अक्षर येत नाही, म्हणून नात ऋतिका माझ्या खाटेवर बसून लिहिते. तिला बजावलंय, मी बोलेन तेवढंच लिही, स्वतःची अक्कल घालू नकोस.

११ जानेवारी
दिवेलागणीला परसातून 'आजी' अशी हाक आली. आवाज ऋतिकाचा, आणि ऋतिका माझ्यासमोर भाजी निवडत बसलेली! तिला काहीच ऐकू आलं नाही म्हणे. आमच्या गावात अवेळी तिसऱ्या हाकेशिवाय कुणी ओ देत नाही. जे माणूस नसतं ते दोनदाच बोलावतं, तिसरी हाक माणसाची. मी गप्प राहिले. दोन झाल्या, मग शांत. शेजारची कमलाक्षी म्हणाली, तो राखणदार गे आजी, गावची राखण करणारा, त्याच्या नावानं रोट ठेव आणि निवांत नीज. शिवदास मात्र चिडला.

१५ जानेवारी
डिचोलीला डॉक्टरकडे नेलं. कुणी वाईट करील असं वाटतं का, म्हणून विचारलं. म्हटलं, ज्याला वाटत नाही, त्याच्या घरात चोर जेवून जातो. त्यानं कागदावर लिहिलं, पॅरानोया. मला वाटलं बेकरीतलं काहीतरी असेल. मग कोकणीत समजावलं, दुबाव गे आजी, दुबाव. म्हणजे संशय. तर एकाच हाकेला आमच्याकडे शहाणपण, कमलाक्षीकडे राखणदार, याच्याकडे गोळी. शिवदास म्हणाला, गोळी घे, नाहीतर गावी सोडतो. गावी आता आहे कोण? घेतली.

१९ जानेवारी
गोळी गुणाची आहे. भीती गेली. चहाची चवही गेली. आज पुन्हा दोन हाका. काळीज हललं नाही. हाताला चिमटा काढून पाहिला. कापूस.

२२ जानेवारी
घरात कुणी नाही. कडी लावून पडले होते. डोळे उघडले तर ऋतिका खाटेवर, पेन घेऊन. कडी लावलेली तशीच. आत कशी आलीस, विचारलं. तिनं वही उघडली, लिहू लागली. हात गार आहे हिचा. भ्यायला हवं, एवढं कळतं. भीती येत नाही.

परसातून हाक — आजी, कडी काढ गं —

दुसरी —

ही मान वर करत नाही. कोण गं तू —

तिसरी. तिसरी माणसाची. माझी पोर बाहेर आहे. मी उठते —

अगं, मी गप्प आहे, मग लिहितेस काय?

आजी उठली. आजीचे गुडघे दुखतात. आजीला भीती वाटत नाही. आजी दारापर्यंत पोहोच