मागच्या सीटवरचे बाबा

बाबा, गेल्या महिन्यात मी आपल्या त्या इटलीतल्या घाटावर परत जाऊन आले. या वेळी एकटीच होते. सायकल भाड्याची, बॅटरी लावलेली. चढ आला की बटण दाबायचं आणि मागून कुणीतरी हलकेच ढकलल्यासारखं वाटायचं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ही काय सायकल झाली! पण आता माझे गुडघे तुमच्या तेव्हाच्या गुडघ्यांपेक्षा म्हातारे आहेत. कालपासून मी बेसिंगस्टोकला, आपल्या जुन्या घरी, आईकडे आलेय. जेवण झालंय, आई बाहेरच्या खोलीत खुर्चीतच डुलकी काढतेय, आणि मी किचनमधल्या टेबलाशी बसून हे लिहितेय. लिहून काय करणार, ते माहीत नाही. तुमचं काही आता पोस्टाने येत नाही, जात नाही.

मला तुम्ही आठवता ते याच किचनमध्ये, सिंकशेजारी उभे राहून चहा करताना. मी लहान होते तेव्हा तुम्ही हॉस्पिटलात छातीचे डॉक्टर होतात, घरी यायचात ते टाय सैल करत, आणि आल्या आल्या आईला वॉर्डातल्या गमती सांगायचात. मग डोळ्यांच्या पडद्याचा तो आजार आला. कडेकडून दिसेनासं होत गेलं. आधी दाराची चौकट खांद्याला लागायला लागली, मग माणसं एकदम समोर उगवायला लागली. एका संध्याकाळी तुम्ही जेवता जेवता आईला म्हणालात, ‘‘आज एक्स-रे मी दोनदा दुसऱ्याला दाखवून घेतला. आता पुरे.’’ पुढच्याच आठवड्यात तुम्ही काम थांबवलंत. कुणी सांगायची वाट पाहिली नाहीत. रडलातही नाही, निदान आमच्यासमोर. आई काउन्सिलच्या ऑफिसात जायची, मी कॉलेजला, आणि तुम्ही दिवसभर घरी. कपाच्या कडेवर बोट ठेवून चहा ओतायला शिकलात. लायब्ररीतून इटालियन शिकवणाऱ्या कॅसेट आणल्यात, कारण त्याला डोळे लागत नाहीत. पहिल्याच धड्यात एक प्रवासी डोंगरातल्या गावी जाऊन खोली मागतो. त्याचं ते वाक्य तुम्ही भांडी पुसताना मोठ्याने म्हणायचात, ‘‘बाई, डोंगर दिसणारी खोली आहे का?’’ आणि स्वतःच हसत सुटायचात.

टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल, मला जुन्या सामानाच्या जाहिरातीत सापडली. मी पुढे, तुम्ही मागे. हँडल माझ्याकडे, ब्रेक माझ्याकडे, गिअर माझ्याकडे. तुमच्याकडे फक्त पाय. पहिल्या दिवशी तुम्ही माझा खांदा सोडतच नव्हतात. मग हळूहळू आपल्याला सवय झाली. मी ओरडायचे, ‘‘खड्डा!’’, ‘‘डावीकडे वळतोय!’’, ‘‘पाय थांबवा!’’, आणि मध्ये मध्ये काय दिसतंय ते सांगायचे. ते मात्र मराठीतच सांगायचं, असा तुमचा हट्ट. मी इथेच, इंग्रजी मुलखात वाढलेली. माझी मराठी म्हणजे घरापुरती, तीही उत्तरं देण्यापुरती.

‘‘बाबा, एक जुना घर आहे. त्याचा छप्पर पडलाय.’’

‘‘घर ते. छप्पर ते. पडलंय. आत काही उगवलंय का?’’

‘‘झाड.’’

‘‘कसलं? नुसतं झाड म्हटलं तर मला काय दिसणार?’’

असं करत करत मी मराठी शिकले, हॅम्पशरच्या गल्लीबोळांत, मान वळवून. आज जे काही लिहितेय ते त्याच भांडवलावर.

इटलीची कल्पना तुमची. आई नकोच म्हणत होती. सायकल खोक्यात घालून आपण विमानाने गेलो आणि पिडमाँटच्या त्या लांब, अरुंद दरीत शिरलो. ती दरी मला आजही जशीच्या तशी दिसते. दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडं, खाली नदी, आणि दर दोन वळणांनंतर एक गाव, दगडी घरांचं, पातळ फरशांच्या छपरांचं. निम्म्याहून जास्त घरं बंद. तरणी माणसं खाली शहरात कारखान्यांत गेलेली, वर म्हातारे आणि मांजरं. प्रत्येक गावात एक दगडी डोणी, तिच्यात डोंगरातून आणलेलं पाणी सतत पडत असतं. तुम्ही गाव यायच्या आधीच ते पाणी ऐकायचात. टँडमचं एक असतं, दोघांचे पाय एकाच साखळीला बांधलेले असतात. एक रुसला की दुसऱ्याला पायात कळतं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तुम्ही मागून म्हणालात, ‘‘तुझा पाय जड झालाय. काय आहे मनात?’’ मी म्हटलं, ‘‘चढ आहे, बाबा.’’ तेव्हा आपण सपाटीवर होतो.

त्या संध्याकाळी घाटाच्या पायथ्याच्या गावात एका म्हाताऱ्या बाईंकडे उतरलो. खाली खानावळ, वर राहायच्या खोल्या. तुम्ही दारातच ते कॅसेटमधलं वाक्य म्हटलंत. बाईंनी एकदा तुमच्या घडीच्या पांढऱ्या काठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गंभीरपणे म्हणाल्या, आहे. तुम्हाला इतका आनंद झाला की मला हसू आवरेना. जेवायला मक्याच्या घट्ट शिजवलेल्या कण्या होत्या, वर चीज, आणि सूप. वाढता वाढता बाईंनी विचारलं, मुलगी काय करते? तुम्ही ऐटीत सांगायला लागलात. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एडिनबराचं नाव कळलं.

‘‘बाबा, काय सांगताय त्यांना?’’

‘‘हेच, की तुला एडिनबराच्या लॅबमध्ये रिसर्चची नोकरी लागलीय. सप्टेंबरात चाललीस.’’

‘‘मी नाही जाणार आहे. मी त्यांना नो सांगितलं.’’

तुमचा चमचा थांबला. ‘‘कधी?’’

‘‘इकडे यायच्या आधी.’’

‘‘का?’’

‘‘आई दिवसभर ऑफिसला असते. तुम्ही घरी एकटे. काही झालं तर?’’

तुम्ही चमचा खाली ठेवलात. बाई सुपाचं भांडं घेऊन तिथेच उभ्या. मग तुम्ही अगदी हळू आवाजात म्हणालात, ‘‘तुला एकटीनं जायची भीती वाटते का?’’

‘‘थोडी.’’

‘‘मग तसं म्हण. भीती वाटत असेल तर खुशाल राहा घरी, मी एक शब्द बोलणार नाही. पण ती माझ्या डोळ्यांच्या नावावर खपवू नकोस.’’

तुम्ही मला आयुष्यात इतकं कठोर कधी बोलला नव्हतात. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तुम्हाला दिसत नव्हतं, याचा मला आणखी राग आला. बाईंना वाटलं, सूप बिघडलंय. त्यांनी काळजीने विचारलं. तुम्ही त्यांना सांगितलंत, आणि नंतर मला मराठीत भाषांतर करून दाखवलंत, ‘‘सूप उत्तम आहे, बिघडलीय ती मुलगी.’’ बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ताटात आणखी कण्या वाढल्या.

दुसऱ्या दिवशी घाट चढायला लागलो. टँडमवर अबोला धरणं फार अवघड. मी ‘खड्डा’ आणि ‘वळण’ याखेरीज एक शब्द उच्चारत नव्हते. तुम्ही मागून इमानदारीत पायडल मारत होतात, तुमचा श्वास माझ्या पाठीवर ऐकू येत होता. अर्ध्या चढावर एक छोटं गाव लागलं. तुम्ही विचारलंत, ‘‘काय आहे इथे?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही.’’

‘‘थांब,’’ म्हणालात. उतरलात, काठी उघडलीत, पाण्याची रिकामी बाटली घेतलीत आणि आवाजाच्या दिशेने चालायला लागलात. मी सायकल धरून उभी. आलेच असते मी, पण मी रुसलेली होते ना. रस्ता उताराचा, मध्ये पायऱ्या, भिंतीला टेकून ठेवलेली लाकडं. तुम्ही त्या लाकडांकडे सरळ चालला होतात. मी हाक मारणार, इतक्यात एका दारातून कपड्यांची बादली घेतलेली एक बाई बाहेर आली. तिने बादली खाली ठेवली, तुमचा दंड धरला आणि तुम्हाला वळसा घालून पाण्यापर्यंत नेलं. तुम्ही तिच्याशी काहीतरी बोललात, ती हसली. तुम्ही बाटली भरून घेतलीत. तिने तुम्हाला परत माझ्यापर्यंत आणून सोडलं, बादली उचलली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

तुमच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. बाटली माझ्या हातात देत तुम्ही म्हणालात, ‘‘मदत घ्यायची मला लाज वाटत नाही. कुणाचीही घेईन. ती बाई आली, मला पाण्यापर्यंत नेलं आणि आपल्या कामाला गेली. तूही आपल्या कामाला जा, एवढंच माझं म्हणणं आहे.’’

मी पाणी प्यायले. इतकं गार की दात दुखले. मग मी तुम्हाला सांगायला लागले, इथे सहा-सात घरं आहेत, एक चर्च आहे ज्याचं घड्याळ बंद पडलंय, एका खिडकीत लाल जिरेनियम आहेत. तुम्ही एकही चूक काढली नाहीत. माथ्यावर पोहोचलो तेव्हा सगळं ढगात होतं. मी म्हटलं, बाबा, मलाही काही दिसत नाहीये. तुम्ही म्हणालात, ‘‘मग चल खाली, थंडी वाजतेय.’’

पलीकडच्या उतरणीवर पहिल्याच गावातल्या बारमधून मी एडिनबराला फोन लावला. जागा अजून भरलेली नव्हती. फोनवरच्या बाईंनी मला जरा तोडूनच विचारलं, आता नक्की ना? तुम्ही शेजारी कॉफी पीत उभे होतात, ऐकत नसल्यासारखा चेहरा करून.

मी गेले. तुम्ही अंधांसाठीच्या एका टँडम क्लबात नाव घातलंत आणि तिथे तुम्हाला एक रिटायर्ड पोस्टमन भेटला. शनिवारी तुम्ही त्याच्या मागे बसायचात, रविवारी मला फोनवर तक्रार करायचात. ‘‘माणूस फार चांगला आहे गं, पण वर्णन अगदी वाईट. नाइस फील्ड, डॉक. एवढंच. अरे, फील्ड तरी कसलं?’’ मी हसायचे, आणि फोन ठेवल्यावर मला त्या पोस्टमनचा हेवा वाटायचा. अशी तीन वर्षं गेली असतील. मग एका फेब्रुवारीत आईचा फोन आला. सकाळी याच किचनमध्ये, ओट्याशी, तुम्ही खाली बसलात आणि परत उठला नाहीत. मी मिळेल त्या ट्रेनने निघाले. स्टेशनवर आई तुमचा कोट घालून उभी होती. तिचा तिला सापडला नव्हता.

या वेळी घाटावर गेले तेव्हा ती खानावळ बंद होती, दाराला फळ्या ठोकलेल्या. मधल्या गावात मात्र कुणीतरी नवीन माणसं राहायला आलीत, मुलांचा झोपाळा दिसला. माथ्यावर लख्ख ऊन होतं. अर्धी इटली दिसावी असं. मी तिथे दगडावर बसले, सँडविच खाल्लं आणि मला काहीच वाटलं नाही. वाटेल अशी तयारी करून गेले होते, पण नाही वाटलं.

वाटलं ते काल, इथे. रात्रीच्या जेवणासाठी आई वेम्बलीच्या भारतीय दुकानातून आणलेली मेथी निवडत होती. मी तिला घाटाचे फोटो दाखवले. तिने चष्मा वर करून नीट पाहिले आणि सहज म्हणाली, ‘‘तू एडिनबराला असताना रविवारी तुझा फोन येईपर्यंत ते चहा घ्यायचे नाहीत. फोन उशिरा आला की तसेच बसून राहायचे. तुला सांगायचं नाही म्हणायचे.’’ आणि परत मेथीच्या काड्या मोडायला लागली.

मी उठून बागेत गेले. बाबा, माझं सगळं आयुष्य त्या नोकरीतून उभं राहिलं. नवरा तिथे भेटला, मुलं तिथली, काम तिथलं. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते की आई-वडिलांसाठी अडकून पडू नका, माझ्या वडिलांनी मला असं घाटात खडसावलं होतं. सगळे माना डोलावतात. तुमचं बरोबरच होतं.

आई उठलीय, हाक मारतेय. हे मी बंद करते, कुणाला दाखवणार नाही. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. तुमचं बरोबर होतं हे मला ठाऊक आहे, पण मला ती तीन वर्षं इथे, तुमच्याजवळ हवी होती. तुम्ही मला पाठवलंत याचा राग अजून गेलेला नाही.