डाव्या गुडघ्याचा जर्मन

अब्बा, तो जर्मन तुम्हाला आठवत असणारच, म्हणून त्याच्यापासूनच सुरू करते. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, पण मला त्याचा वाटणारा हेवा काही गेला नाही.

तुम्ही दुबईजवळच्या अल ऐनच्या फुटबॉल क्लबात खेळाडूंना मालिश करायचात. उतरत्या वयात तो मिडफिल्डर तिथे आला, तेव्हा मी दहावीत होते. त्याची अख्खी कारकीर्द मी जेवताना ऐकली. एकोणिसाव्या वर्षी पहिल्या डिव्हिजनमध्ये. कॉर्नर किक अशी मारायचा की गोलकीपर नुसता बघत राहायचा. देशाच्या टीममध्ये निवड झाली आणि त्याच आठवड्यात, प्रॅक्टिसमध्ये, डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. मग दोन ऑपरेशनं, दुसरी डिव्हिजन, अर्धी रिकामी मैदानं, मोडलेला संसार, आणि शेवटी आपलं वाळवंट. "एवढा गुणी माणूस," असं म्हणून तुम्ही घास हातात धरून तसेच बसायचात. आई म्हणायची, "भात गार होतोय." त्या गुडघ्यात काय कधी बिघडलं ते तुम्हाला सगळं तोंडपाठ होतं.

एका शुक्रवारी तुम्ही त्याला घरी जेवायला आणलंत. आईने बांगड्याचं सालन आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. तो उंच माणूस दुखरा पाय लांब करून चटईवर बसलाय आणि तुम्ही त्याच्या ताटातले काटे काढताय, लहानपणी माझ्या ताटातले काढायचात तसे. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, मुलगी काय करते? "नाइन्थ स्टँडर्ड! व्हेरी क्लेव्हर!" तुम्ही म्हणालात.

"टेन्थ, अब्बा," मी म्हणाले. आणि मग मला आवरलंच नाही. "त्यालाच मुलगा करून घ्या ना! त्याचं सगळं पाठ आहे तुम्हाला."

त्याला मराठी कुठे कळणार? तो हसून म्हणाला, "व्हेरी गुड फिश."

तो गेल्यावर तुम्ही मला खाली बसवलंत. आवाज चढवला नाहीत. "तो उद्या मैदानात उभा राहील की नाही, ते माझ्या हातात आहे. तुझं काय अडलंय, बेटा?"

सीझन संपायच्या आत, एका मॅचमध्ये तो वळला आणि बसला तो बसलाच. स्ट्रेचर यायच्या आधी तुम्ही धावलात. क्लबवाले म्हणाले, खलास. त्याला दुबईच्या एअरपोर्टवर सोडून परतताना तुम्ही गाडी कडेला घेतलीत आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलात. आईने पाण्याची बाटली पुढे केली. मी मागच्या सीटवर बसून आठवत होते, माझ्यासाठी तुम्ही कधी रडला होतात का.

वर्षभराने पोस्टाच्या बॉक्समध्ये त्याचं पत्र आलं. तुम्हाला इंग्रजी बोलता यायचं, वाचता यायचं नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. तो बरा आहे, मुलांना कोचिंग करतो, गावात बर्फ पडलंय. "एवढंच?" तुम्ही विचारलंत. "एवढंच," मी म्हणाले.

एवढंच नव्हतं, अब्बा. खाली अख्खा परिच्छेद होता. त्याने ट्रेनिंग सेंटर काढलं होतं आणि त्याला तुम्ही हवे होतात. व्हिसा, राहणं, सगळं तो बघणार होता. डॉक्टरांनी केलं नाही ते तुमच्या हातांनी केलं, असं त्याने लिहिलं होतं. हे वाक्य ऐकायला तुम्ही काय दिलं असतंत, ते मला तेव्हाही माहीत होतं. मी कागदाची घडी घातली. पुढे पाच वर्षं तुम्ही कुणाकुणाचे पाय चोळलेत, मग पाठीने साथ सोडली, आणि आपण रत्नागिरीला परतलो. शेवटच्या आजारात तुम्ही दोनदा म्हणालात, "त्याचं पुन्हा पत्र नाही आलं." मी तुमचं पांघरूण सारखं केलं.

पत्र आलं नाही, कारण मी त्याला उत्तर पाठवलं होतं. तुमच्या नावाने, तुमची सही करून. लिहिलं होतं, माझी मुलगी इथे आहे, तिला सोडून मी कुठेही येणार नाही. हे तुम्ही कधी म्हणाला नव्हतात. तुम्हाला विचारलं असतं तर कदाचित म्हणालाही असतात. मी विचारलं नाही, कारण तुम्ही बॅग भरायला घ्याल याची मला खात्री होती. त्या उत्तराचा कच्चा कागद मी अजून ठेवलाय. कधीकधी काढून वाचते आणि घटकाभर खरंच वाटतं की ते तुम्हीच लिहिलंय.